‘उन्हाळी लागलीय’ म्हणून किती दिवस काढायचे?

आपल्याकडे पुरुषाच्या लघवीच्या सगळ्या दुखण्यांना मिळून एकच नाव आहे. उन्हाळी. जळजळ झाली, उन्हाळी. थेंब थेंब आली, उन्हाळी. ओटीपोटात दुखलं, ताप आला तरी उन्हाळीच. रात्री चार-चारदा उठावं लागलं तर ते "वय झालं", आणि लघवी लाल दिसली तर "बीट खाल्लं असेल". बाईला त्रास झाला तर निदान आई, बहीण, जाऊ, कुणीतरी विचारणारं असतं. पुरुष मात्र बंदरावर, नाक्यावर, पारावर तासन् तास बसून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतील, पण धार कमी झालीय हे शेजारी बसलेल्या सख्ख्या मित्राला सांगणार नाहीत.

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात आता उन्हाचा कडाका सुरू झालाय, म्हणून आज हा विषय घेतोय. कुणाला ओंगळ वाटला तर वाटू दे. मी डॉक्टर नाही. पण यातल्या बहुतेक गोष्टी कुठलाही एमबीबीएस डॉक्टर सांगेल अशाच आहेत. त्या सांगायची वेळ डॉक्टरवर येत नाही, कारण आपण त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आधी खऱ्या उन्हाळीबद्दल, कारण ती खोटी नाही. एप्रिल-मेमध्ये घाम भरपूर जातो, पाणी पोटात कमी जातं, लघवी घट्ट होते, पिवळीजर्द होते आणि जाताना चुरचुरते. ट्रॉलरवर आठ-दहा दिवस काढणाऱ्या खलाशाला हे नवीन नाही. बोटीवर पाणी मोजून वापरायचं, इंजिनजवळ भट्टीसारखी गरमी, आणि दिवसभर चहावर चहा. शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर राबणाऱ्याचं तेच. इथे आपल्या आज्या जे सांगायच्या ते चालतं. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम, शहाळं, नाचणीचं आंबील. त्यात जादू नाही, त्या निमित्ताने पाणी पोटात जातं. पण याला मुदत आहे. भरपूर पाणी प्यायल्यावर दिवसभरात लघवी फिकट झाली आणि जळजळ गेली, तर ती उन्हाळी होती. लघवी फिकट होऊनही जळजळ राहिली, किंवा दुसरा दिवस उजाडूनही त्रास तसाच असेल, तर ती उन्हाळी नाही. तिथून पुढे धने-जिऱ्यात दिवस घालवायचे नाहीत, लघवीची तपासणी करायची.

पुरुषाच्या बाबतीत ही मुदत इतकी कडक का? कारण पुरुषाला लघवीचा जंतुसंसर्ग सहजासहजी होत नाही. बाईची मूत्रनलिका साधारण ४ सेंटिमीटरची असते, पुरुषाची २० च्या आसपास. जंतूंना चढायला लांबचा रस्ता. तरीही संसर्ग झाला तर डॉक्टर विचार करतो की मागे काहीतरी कारण आहे. खडा असेल, प्रोस्टेट वाढली असेल, लघवी पूर्ण बाहेर पडत नसेल, साखर वाढली असेल, लैंगिक संसर्ग असेल. म्हणजे जळजळ ही नुसती बातमी असते, मूळ घटना आत वेगळीच घडलेली असते.

आणि आपण काय करतो? मेडिकलमध्ये जातो. काउंटरवर अर्ध्या आवाजात "जरा जळजळतंय" म्हणतो. तो गुलाबी सिरपची बाटली देतो आणि पाकिटातून सुट्या कापून चार अँटिबायोटिक गोळ्या. दोन घेतल्यावर बरं वाटतं, उरलेल्या दोन घरात कपाटावर पडतात, पुढच्या वेळी किंवा भावाला लागल्या तर म्हणून. या गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ती शोभेला नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा तिचा अर्थ आहे, आणि २०१६ पासून सरकार त्याची जाहिरातही करतंय. अर्धवट डोसाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. मग तोच संसर्ग सहा महिन्यांनी परत येतो आणि तेव्हा साध्या गोळीला दाद देत नाही. दुसरी गोष्ट, अँटिबायोटिक पोटात गेल्यावर लघवीचं कल्चर केलं की त्यात जंतू सापडतीलच असं नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नमुना, मग गोळी.

आता या पोस्टचा मुख्य विषय, पन्नाशीच्या पुढचे पुरुष.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रनलिका तिच्या मधूनच जाते. पुस्तकात अक्रोडाएवढी असं लिहितात. अक्रोड आपल्या वाडीत होत नाही, म्हणून श्रीवर्धनी रोठा सुपारीहून जराशी मोठी असं समजा. वय वाढलं की ती वाढते. पन्नास ते साठ वयाच्या जवळपास निम्म्या पुरुषांमध्ये वाढलेली असते, आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांमध्ये. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण वाढताना ती मधल्या नळीला आवळते. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं, रात्री झोप मोडते. हे इतकं सावकाश होतं की माणूस त्याप्रमाणे आपलं आयुष्य बदलत जातो आणि त्याला कळतही नाही. लग्नाला गेला की आधी मोरी कुठे ते बघून ठेवतो. एसटीत दाराजवळची सीट धरतो. भजनाला मागे बसतो. पंढरपूर, शिर्डीला "यंदा नको" म्हणतो. घरचे म्हणतात, बाबांचा उत्साह कमी झालाय.

याच्यावर औषधं आहेत. रोजची गोळी असते, बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया असते, पोटावर चिरा न देता. पण गोळीची वेळ निघून गेल्यावर माणूस पोचला तर गोळीचा उपयोग कमी.

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजवाड्याने जाहीर केलं की राजे चार्ल्स यांची प्रोस्टेट वाढलीय आणि ते उपचारासाठी रुग्णालयात जाणार आहेत. पंचाहत्तर वर्षांचा राजा, जगभर बातमी. पुढच्या काही तासांतच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर प्रोस्टेटची माहिती वाचणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. म्हणजे तिकडचे पुरुषही आपल्यासारखेच गप्प बसलेले होते. एका माणसाने तोंड उघडलं आणि हजारोंनी वाचायला सुरुवात केली. आपल्याकडे एखाद्या आमदाराने, खासदाराने, निदान एखाद्या निवृत्त सभापतीने असं सांगितलेलं मला तरी आठवत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की बॅनर लागतात. याचा बॅनर कुणी लावणार नाही, ते ठीक आहे, पण सभेत दोन वाक्यं बोलायला काय हरकत आहे?

गप्प बसण्याची किंमत एखाद्या रात्री एकदम भरावी लागते. हळदीची रात्र समजा. बेंजो सुरू आहे, बिअर झालीय, पाहुण्यांतून उठता येत नाही म्हणून लघवी दाबून धरलीय. किंवा पावसाळ्यातली रात्र, सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून एक रंगीत गोळी आणून घेतलीय. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असं औषध असतं की नाक मोकळं होतं, पण मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं किंवा पिशवीचा जोर कमी पडतो. तरुणाला काही होत नाही. ज्याची प्रोस्टेट आधीच वाढलेली आहे, तो रात्री दोन वाजता उठतो आणि त्याला लघवी होतच नाही. तट्ट लागलेली आहे, ओटीपोट दगडासारखं झालंय, जीव कासावीस होतोय, आणि थेंब येत नाही. मग घरचे काय करतात? पाणी पाजतात. "अजून पी, म्हणजे जोर येईल." नळाचं तोंड बंद आहे आणि आपण टाकीत पाणी भरतोय! तर त्या वेळी पाणी थांबवा आणि माणसाला उचला. निरोगी मूत्राशयात अर्ध्या लिटरच्या आसपास मावतं, अशा वेळी ते लिटरभर, कधी त्याहून जास्त ताणलेलं असतं.

उपाय साधा आहे. नळी घालायची, कॅथेटर. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत माणूस मोकळा होतो आणि डॉक्टरचे हात धरून रडायचा बाकी राहतो. ही नळी घालायला युरॉलॉजिस्ट लागत नाही. प्रत्येक एमबीबीएस डॉक्टर हे शिकलेला असतो. अडून बसलीच तर मोठ्या ठिकाणी पाठवावं लागतं, पण पहिला प्रयत्न जवळच्या दवाखान्यात व्हायला काही हरकत नसते. म्हणून प्रश्न असा आहे: रात्री दोन वाजता तुमच्या गावापासून सगळ्यात जवळची नळी कुठे आहे? ती घालणारा माणूस तिथे झोपायला असतो का? योग्य मापाच्या नळ्या, जेली, पिशवी कपाटात असते का? मुरूड-राजपुरीच्या माणसाला, दिघीच्या माणसाला, भरडखोलच्या माणसाला याचं उत्तर तोंडपाठ असायला हवं, जसं शेवटच्या एसटीची वेळ तोंडपाठ असते. रात्री आगरदांडा-दिघीची जंगलजेट्टी नसते, गेटवे-मांडवा बोटी तर पावसाळ्यात दिवसाही बंद असतात, आणि वडखळच्या रस्त्याबद्दल मी नव्याने काय लिहू. मुंबईला केईएम आहे, सायन आहे, नायर आहे, सगळं खरं. तट्ट भरलेली पिशवी घेऊन त्या रस्त्याने चार तास बसणं काय असतं ते बसलेल्यालाच माहीत. १०८ ला फोन करताना "पोटात दुखतंय" एवढंच सांगू नका. "लघवी पूर्ण बंद झालीय" असं स्पष्ट सांगा, म्हणजे कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते तिथूनच ठरेल.

याचाच एक चोरटा प्रकार आहे आणि मला तो जास्त भयंकर वाटतो, कारण त्यात दुखत नाही. पिशवी हळूहळू ताणत जाते, सैल पडते, आणि काठोकाठ भरली की वरचं पाणी थोडं थोडं सांडतं. माणूस म्हणतो, "लघवी तर होतेय की, उलट जास्तच होतेय." म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण रात्री ओलं व्हायला लागतं. घरातली सून गुपचूप चादरी धुते, कुणी कुणाला बोलत नाही. आणि मागे तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडावर जात राहतो. कधीतरी रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघतं, तेव्हा सगळ्यांना धक्का बसतो. मोठ्या माणसाचं अंथरूण नव्याने ओलं होत असेल तर ते म्हातारपण समजून सोडू नका. लघवी करून आल्यावर पोटाची सोनोग्राफी केली की पिशवीत किती उरलंय ते दिसतं. साधी तपासणी आहे.

मुतखड्याबद्दल आपल्या लोकांना भरपूर माहिती असते आणि त्यातली निम्मी धोक्याची असते. कुळथाचं कढण प्या, काही बिघडत नाही, चवीलाही चांगलं. लहान खडे, पाच मिलिमीटरच्या आतले, बरेचदा आपोआप पडतात आणि श्रेय कुळथाला मिळतं. गोची पुढे आहे. बरगडीखालून जांघेपर्यंत येणारी ती मरणाची कळ दोन दिवसांनी थांबते आणि माणूस म्हणतो, पडला खडा. पडलाच असेल असं नाही. खडा नळीत अडकून बसला तरी कळ थांबू शकते, आणि तो तिथे बसून मूत्रपिंड मुकाट्याने फुगवत राहतो. कळ थांबली तरी पुन्हा सोनोग्राफी करून खडा खरंच गेलाय का ते बघायचं. आणि कळ अधिक थंडी वाजून ताप, हे दोन्ही एकत्र आलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री निघायचं. अडकलेल्या लघवीत पू झाला तर माणूस दोन दिवसांत हातचा जातो. बोटीवर असाल तर तांडेलाने जाळी सोडून बंदर गाठावं, इतकं ते निकडीचं आहे. ज्याला एकदा खडा झालाय त्याने पुन्हा होऊ नये म्हणून रोज अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला हवं. आपल्या उन्हात ते किती होतं याचा हिशेब घाला. (ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी पाण्याचं माप डॉक्टरलाच विचारावं.) कळ आली की ऊठसूट डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही सांगायला हवं. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडालाच मारतात. बोटीवरच्या औषधाच्या डब्यात दुसरं काही नसलं तरी या असतात.

चालकांसाठी एक आडवळण. १६०१ साली टायको ब्राहे नावाचा मोठा खगोलशास्त्रज्ञ प्रागमध्ये एका मेजवानीला गेला. मध्येच उठणं शिष्टाचाराला धरून नाही म्हणून लघवी दाबून बसला. घरी आल्यावर त्याला लघवी होईना, आणि अकरा दिवसांनी तो गेला. आपला मिनीडोरवाला, एसटीचा ड्रायव्हर, टेम्पोवाला रोज ही मेजवानी जेवतो. मध्ये थांबायला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाही. महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, त्यात पुलाचे खांब उभे राहिले, पडले, परत उभे राहिले, पण स्वच्छ मुतारी किती किलोमीटरवर आहे ते मला कुणी सांगा. बायकांचे हाल तर याच्या दसपट. मुंबईत त्यांनी राईट टू पी म्हणून मोहीम उघडली, तेव्हा लोक हसले होते. जेट्टीवर, एसटी स्टँडवर पाणी असलेलं स्वच्छतागृह ही आरोग्याचीच सोय आहे.

तरुण पोरांचं वेगळं. जळजळीबरोबर पू किंवा चिकट पाणी येत असेल, फोड किंवा जखम असेल, तर तो लैंगिक संसर्ग असण्याची शक्यता मोठी. जुनी माणसं याला परमा म्हणायची. गोळ्यांनी बरा होतो, पण योग्य गोळ्यांनी, आणि जोडीदाराचाही उपचार एकाच वेळी झाला तरच. आपल्याकडे पोरगा काय करतो? स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" वाचतो आणि त्या नंबरवर फोन लावतो. तिथे पैसेही जातात आणि महिनेही. सरकारी रुग्णालयांत याच कामासाठी "सुरक्षा क्लिनिक" असतं. तपासणी, औषधं मोफत, नाव बाहेर जात नाही. ही पाटी भिंतीवरच्या जाहिरातीएवढी मोठी का नसते, हा प्रश्न मला कायम पडतो. आणि आठवी-दहावीतल्या मुलाच्या अंडकोषात अचानक जोराने दुखायला लागलं, उलटी झाली, तर "खेळताना लागलं असेल" म्हणून झोपवू नका. आत पीळ पडलेला असू शकतो, आणि तो वाचवायला साधारण सहा तास मिळतात. पोरगं लाजून "पोटात दुखतंय" एवढंच सांगतं. विचारायचं काम बापाचं.

पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल आणि लघवी कमी किंवा गडद झाली, तर मनात लेप्टो यायला हवा. चिखलात उघड्या पायाने राबणाऱ्या आपल्या पट्ट्यात हा आजार नवा नाही. त्याच दिवशी दवाखाना.

रक्ताबद्दल मात्र ठासून सांगतो. लघवीत रक्त एकदाच दिसलं, अजिबात दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी साफ झालं, तरी तपासणी करायची. न दुखता येणारं रक्त हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. त्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं टाळता येण्यासारखं कारण बिडी-सिगारेट आहे, आणि बंदरावर बिडी न ओढणारा शोधावा लागतो. बिटाने लघवी लालसर होते हे खरं. टीबीच्या औषधाने नारिंगी होते हेही खरं. पण हे ठरवायचं काम तपासणीवर सोडा. मधुमेहाच्या माणसाला जळजळ झाली तर त्याने दोन दिवसांचीही वाट बघू नये. साखरेची काही नवी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे खाज-जळजळ होऊ शकते. गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरला सांगायचं. पीएसए नावाची प्रोस्टेटची रक्ततपासणी पन्नाशीनंतर करायची की नाही, हे डॉक्टरशी बोलून ठरवा. संसर्ग चालू असताना ती केली तर आकडा वाढलेला येतो आणि घरात उगाच रडारड होते.

हे झालं आपलं. आता सरकारचं.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची सरकार तपासणी करतं, त्यात पाच आजार धरलेत. रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. चांगलंच आहे, बायकांसाठीचे दोन हवेतच. पण त्या पाचांत पुरुषाची लघवी कुठेच नाही. घरोघरी येते ती आशाताई. ती गावातलीच, कुणाची तरी सून. पासष्ट वर्षांचा माणूस डोकं हलवून "मला काही नाही गो" म्हणणार, हे तिलाही माहीत असतं. १७ सप्टेंबर २०२३ ला राज्याने अठरा वर्षांवरच्या पुरुषांसाठी "निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे" हे अभियान सुरू केलं. त्याआधीच्या वर्षी बायकांसाठी "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" झालं होतं. पुरुषांचीही वेगळी तपासणी हवी, हे मान्य झालं, त्याचं मी स्वागतच करतो. पण अभियान म्हणजे बॅनर, फोटो, रक्तदाब, वजन आणि पुढचा टेबल. धार कशी आहे हे विचारायला खोली लागते, पुरुष कर्मचारी लागतो, पाच मिनिटं लागतात.

प्रश्न तयार आहेत, नव्याने शोधायचे नाहीत. जगभर डॉक्टर प्रोस्टेटसाठी सात प्रश्नांचा एक कागद वापरतात. झाल्यावर राहिल्यासारखं वाटतं का, दोन तासांच्या आत परत जावं लागतं का, मध्येच तुटते का, धरून ठेवणं अवघड जातं का, धार बारीक आहे का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. सातपर्यंत असेल तर घाई नाही, आठच्या पुढे डॉक्टर, वीसच्या पुढे तर टाळाटाळ नकोच. त्याच्या जोडीला पट्टीवरची साधी लघवी तपासणी आणि साखर. एवढं उपकेंद्रातला पुरुष आरोग्यसेवक करू शकतो.

आणि कधी करायचं? आपल्या पट्ट्यात याला सोन्यासारखी वेळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. एरवी महिन्यातले वीस दिवस दर्यावर असणारे सगळे पुरुष गावात, जाळी शिवत, बोटी रंगवत बंदरावरच बसलेले असतात. मोरा, करंजा, रेवस, थळ, साखर, रेवदंडा, कोर्लई, एकदरा, राजपुरी, दिघी, जीवना. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एक खोली रिकामी करायची आणि दोन दिवस आरोग्यसेवक बसवायचा. ज्यांचे गुण जास्त येतील त्यांची नावं तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाला द्यायची आणि तिथे युरॉलॉजिस्टचा एक दिवस ठरवायचा. तारीख दारावर लिहिलेली असू दे. अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, शिकणाऱ्या पोरांनाही यातून शिकायला मिळेल.

पैशाचं कारण आता तेवढं राहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, औषधं मोफत आहेत. शस्त्रक्रिया लागलीच तर महात्मा जोतिराव फुले योजना २०२४ पासून सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं, आणि भरती व्हायच्या आधी आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारून घ्यायचं. मागाहून विचारलं तर बिल आपलं.

ग्रामसभा १५ ऑगस्टला असते, पण तोवर बंदी संपून बोटी बाहेर पडलेल्या असतात. म्हणजे यंदाच्या बंदीत हे व्हायचं असेल तर विषय १ मेच्या ग्रामसभेत घ्यायला हवा. अर्ज पाच ओळींचा पुरतो: प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री कॅथेटर घालायची सोय आहे का, नसेल तर कधी होणार, आणि जून-जुलैमध्ये बंदरावर पुरुषांची तपासणी कोणत्या तारखेला. एक प्रत सरपंचाला, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, पोच घेऊन. मसुदा कुणाला हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो. आणि ज्यांनी आपल्या केंद्रात जाऊन विचारलं असेल, त्यांनी गावाचं नाव आणि मिळालेलं उत्तर खाली लिहा, म्हणजे रात्री कुठे जायचं याची यादी आपल्यालाच तयार करता येईल.